एप्रिलच्या उन्हात ईस्टरची अंडी

हनुमान जयंती होऊन गेलेली असते, आखाजी (अक्षय्य तृतीया) अजून यायची असते आणि या मधल्या दिवसांत बहुतेक वर्षी ईस्टरचा रविवार पडतो. ईस्टरची तारीखही चंद्रावरच ठरते. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा आणि तिच्या पुढचा रविवार, असा ढोबळ नियम आहे. २०२६ साली २ एप्रिलला चैत्री पौर्णिमा, ५ एप्रिलला ईस्टर आणि १९ एप्रिलला आखाजी. कधीकधी होळीची पौर्णिमाच २१ मार्चनंतर येते. मग ईस्टर धुळवडीच्या पाठोपाठ येतो, २०२४ साली आला तसा.

नवापूर-चिंचपाड्याकडच्या गावांत आणि भुसावळच्या रेल्वे वसाहतीत ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, त्यामुळे हा सण खानदेशाला परका नाही. लहान मुलांचे ईस्टरचे खेळ मात्र थंड देशांत घडले. अंडी हिरवळीवरून गडगडवायची, बागेत लपवायची, चॉकलेटची करून वाटायची. हे सगळं जळगावच्या बेचाळीस अंशांत करायचं म्हटलं की प्रत्येक खेळ थोडा बदलावा लागतो, आणि तो का बदलावा लागतो हे शोधायला गेलं की अंड्याचं विज्ञान हाती लागतं.

आधी मुळातला प्रश्न. या सणात अंडंच का? ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो आणि मध्ययुगीन युरोपात त्या काळात अंडी वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवासाचं काय, त्या अंडी देतच राहायच्या. शिवाय नेमक्या याच दिवसांत त्यांचं अंडी देणं वाढतं, कारण अंडी कधी द्यायची हे कोंबडीचं शरीर दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. लंडनला हिवाळ्यात दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि उन्हाळ्यात साडेसोळा तासांचा. तिथल्या घरगुती कोंबड्या हिवाळ्यात जवळपास थांबतात आणि वसंतात पुन्हा सुरू होतात. आपल्याकडे २१ अक्षांशावर लहानातला लहान दिवस पावणेअकरा-अकरा तासांचा आणि मोठ्यातला मोठा साडेतेराच्या आसपास. फरक थोडा, म्हणून अंगणातल्या गावरान कोंबडीला तिथल्यासारखा ‘अंड्यांचा मोसम’ नसतो. अंड्यांच्या पोल्ट्रीत तर संध्याकाळनंतर दिवे लावून दिवस सोळा तासांपर्यंत ताणतात.

म्हणजे दिवसाची लांबी आपल्याकडे फारशी आड येत नाही. आड येतं ते ऊन.

कोंबडीला घाम येत नाही. तापलं की ती चोच उघडून धापा टाकते आणि त्या धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा जास्त बाहेर पडतो. इथेच घोळ होतो. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं, त्यातलं कॅल्शियम खाद्यातून आणि हाडांतून येतं, पण कार्बोनेटचा भाग या कार्बन डायऑक्साइडपासूनच बनतो. एका अंड्यावर पाच-सहा ग्रॅम कवच चढवायला कोंबडीच्या शरीराला सुमारे वीस तास लागतात. त्या वेळात ती धापा टाकत बसली आणि उन्हामुळे खाद्यही कमी खाल्लं, की कवच पातळ होतं. म्हणून उन्हाळ्यात पोल्ट्रीवाले पाण्यात खायचा सोडा घालतात, खाद्यात शिंपल्याचा चुरा वाढवतात आणि शेडवर पाणी मारतात. ईस्टरच्या अंड्यांना आपल्याकडे जरा जास्तच लवकर तडे जातात, त्यामागे हा सगळा हिशोब आहे.

हे कळलं की अंडी लढवण्याचा खेळ दुप्पट रंगतो. दोघांनी एकेक उकडलेलं अंडं मुठीत धरायचं, टोकावर टोक आपटायचं, ज्याचं फुटलं तो बाद. पूर्व युरोपात ईस्टरला हा खेळ घरोघर चालतो. आपल्या देशात आसाममध्ये बिहूच्या सणात अंड्यांची अशीच झुंज लावतात, त्यामुळे त्याला निव्वळ परदेशी म्हणायचं कारण नाही. यात मुलांचा एक ठाम समज असतो, वरून मारणाऱ्याचं अंडं वाचतं. न्यूटनचा तिसरा नियम तसं म्हणत नाही. आपटणाऱ्याला आणि आपटून घेणाऱ्याला, दोघांनाही त्या क्षणी सारखाच जोर बसतो. फुटतं ते कमकुवत अंडं, कोणाच्याही हातातलं असो. मुलांना आळीपाळीने वर-खाली करून वीसेक लढती खेळायला लावा आणि निकाल वहीत मांडा. समज आपोआप ढिला होतो.

तरी डाव जिंकायची युक्ती असतेच. कवचाची जाडी सारखी असेल तर जिथे वक्रता जास्त तिथे ते अधिक ताठ असतं, म्हणून निमुळतं टोक पुढे करायचं आणि दुसऱ्याच्या टोकावर नेमकं न मारता थोडं बाजूला, जिथे त्याचं कवच सपाट होत जातं तिथे भिडवायचं. बोथट टोकाने कधी लढू नये, त्याच्या आत हवेची पोकळी असते. अंडं निवडतानाही डोकं लागतं. कोंबडी म्हातारी होते तशी तिची अंडी मोठी होतात, पण कवचाचा माल तेवढाच राहतो आणि मोठ्या अंड्यावर पातळ पसरतो. म्हणून ट्रेमधलं सगळ्यात मोठं अंडं उचलणारा पोरगा बहुतेक वेळा आधी हरतो. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात या खेळाच्या स्पर्धा होतात आणि तिथले मुरलेले खेळाडू गिनी कोंबडीचं अंडं आणतात. ते लहान आणि भलतंच टणक असतं. कोंबडीच्या अंड्यांशी ते लढवायला दिलं तर मात्र भांडण होईल.

टोकाला अंडं ताठ असतं, याचा अर्थ उभं पडल्यावर ते वाचतं असा अनेक शाळांत लावला जातो. उंचावरून अंडं न फोडता टाकायची स्पर्धा असली की मुलं ते उभं बांधतात. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या संशोधकांनी १८० अंडी मोजक्या मिलिमीटर उंचीवरून टाकून पाहिली आणि २०२५ साली निष्कर्ष छापला. आडवी पडलेली अंडी कमी फुटतात. आडवं अंडं पडताना किंचित जास्त दबतं आणि त्या दबण्यात धक्का जिरवतं. उभं अंडं दबत नाही, म्हणून तडकतं. ताठपणा वेगळा आणि चिवटपणा वेगळा, हे दोन अंडी आणि एका जुन्या ताटात दाखवता येतं. उडी मारून उतरताना आपण गुडघे वाकवतो तेही याच कारणाने.

माझ्या आवडीचा खेळ मात्र अंडी फिरवण्याचा. फोडाफोडी नाही, पसारा नाही, दुपारी पंख्याखाली घरात बसून होतो. एक कच्चं आणि एक उकडलेलं अंडं शहाबादी फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवा. उकडलेलं झकास फिरतं, कच्चं डुगडुगतं आणि लवकर मंदावतं, कारण कवच फिरलं तरी आतला द्रव मागे रेंगाळतो. आता फिरत्या अंड्यावर क्षणभर बोट ठेवून उचला. उकडलेलं गप्प थांबतं. कच्चं थांबल्यासारखं होतं आणि पुन्हा आपोआप फिरू लागतं, कारण आतला द्रव थांबलेलाच नसतो. न फोडता कच्चं कोणतं ते ओळखा, ही पैज लहान मुलांनाही जमते.

यापुढची पायरी अवघड आहे. उकडलेलं अंडं आडवं ठेवून दोन्ही हातांनी जोरात, सेकंदाला साधारण दहा फेरे पडतील असं फिरवलं, तर ते फिरता फिरता टोकावर उभं राहतं. जड वस्तूचा गुरुत्वमध्य आपण होऊन वर चढावा हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चूक वाटतं. केंब्रिजचे कीथ मॉफट आणि जपानचे युताका शिमोमुरा या दोन शास्त्रज्ञांनी २००२ साली ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात याचं समीकरण मांडलं. चावी घर्षणात आहे. फरशी आणि अंडं यांच्यातल्या घासण्यामुळे फिरण्याची थोडी ऊर्जा अंड्याला उचलण्यात खर्च होते, म्हणून उभं राहताना त्याचा वेग कमी होतो. अगदी गुळगुळीत काचेवर घर्षण पुरत नाही आणि खरबरीत ओट्यावर अंडं आधीच थांबतं. पितळी परात पालथी घालून पाहा, बऱ्यापैकी जमतं.

अंडी गडगडवण्याचा खेळ प्रसिद्ध आहे तो अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानामुळे. तिथल्या हिरवळीवर १८७८ पासून मुलं ईस्टरच्या सोमवारी अंडी ढकलत आली आहेत. आपल्याकडे एप्रिलात हिरवळ कुठली? फळी तिरकी लावून खाली गोधडी अंथरली की काम होतं. अंडं सरळ जात नाही, निमुळत्या टोकाकडे वळतं, त्यामुळे खाली तीन-चार खुणा मांडून ते कुठे पोचेल याचा अंदाज लावायचा. कड्यावर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची अंडी अशी वळतात म्हणून खाली पडत नाहीत, असं पूर्वी शिकवलं जायचं. २०१७ साली अमेरिकेतल्या जीवशास्त्रज्ञ मेरी स्टोडर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे १४०० जातींच्या पक्ष्यांची पन्नासेक हजार अंडी मोजली, तेव्हा अंड्याच्या आकाराचा संबंध उडण्याच्या क्षमतेशी दिसला. उत्तम उडणाऱ्या पक्ष्यांची अंडी जास्त लांबट किंवा निमुळती असतात.

रंगवण्याबद्दल थोडक्यात. कपभर गरम पाण्यात खाण्याचा रंग आणि चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर रंग फिका चढतो, कारण आम्लामुळे कवचावरच्या प्रथिनांवर धनभार येतो आणि ऋणभाराचे रंग त्यांना चिकटतात. जास्त वेळ ठेवलं तर बुडबुडे येतात आणि कवच खडबडीत होतं. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे, म्हणजे उन्हात कोंबडीने गमावला तोच वायू. विकतचे रंग नकोत तर लाल कांद्याची सालं अर्धा तास उकळा, तांबूस-तपकिरी रंग सुंदर चढतो. अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून वर जुन्या मोज्याचा तुकडा ताणून बांधला, तर पानाची नक्षी उमटते. होळीला केलेलं पळसाच्या फुलांचं पाणी उरलं असेल तर तेही आजमावून पाहावं.

राहिला लपवाछपवीचा खेळ, आणि ऊन खरं नडतं ते इथे. चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं. म्हणूनच ते जिभेवर विरघळतं आणि म्हणूनच एप्रिलात जळगावच्या अंगणात सकाळी दहापर्यंतही तग धरत नाही. वितळून पुन्हा गोठलं की स्फटिकांची रचना बदलते आणि वर पांढरट थर येतो. ती बुरशी नव्हे, खायला चालतं, पण खुसखुशीतपणा गेलेला असतो. मार्झिपान, म्हणजे काजू किंवा बदामाच्या पिठात साखर घालून केलेली अंडी, जास्त टिकतात. उकडलेली खरी अंडी लपवायची तर सकाळी लवकर. उकडताना कवचावरचं संरक्षक आवरण धुतलं जातं आणि पांढऱ्यातली जंतूंशी लढणारी प्रथिनंही निकामी होतात, त्यामुळे उकडलेलं अंडं कच्च्याहून लवकर बिघडतं. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा की ते दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे तो एक तासच धरावा. ज्यांच्या घरात अंडं चालत नाही त्यांनी प्लास्टिकच्या अंड्यांत शेंगदाण्याची चिक्की भरावी, मुलांचं काही बिघडत नाही.

अंडी कुठे लपवायची यापेक्षा ती कोणत्या रंगाची लपवायची, हा प्रश्न जास्त मजेचा आहे. टिटवी याच दिवसांत उघड्या रानात, ढेकळा-खड्यांत अंडी घालते. घरटं म्हणजे नुसता खळगा. अंड्यांवरचे काळपट ठिपके मातीत असे मिसळतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. (टिटवीने अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला, असं शेतकरी म्हणतात. तो वेगळा विषय.) निम्मी अंडी भडक रंगवा, निम्मी टिटवीसारखी ठिपक्यांची करून खडीत ठेवा आणि कोणती किती वेळात सापडतात ते घड्याळ लावून पाहा. एका फेरीत एका रंगाची पुष्कळ आणि दुसऱ्याची दोन-तीनच अंडी ठेवा. भरपूर असलेल्या रंगाकडे नजर सरावते आणि पायाजवळचं दुर्मिळ अंडं दिसत नाही. डच शास्त्रज्ञ ल्यूक टिनबर्गन यांनी कीटक टिपणाऱ्या पक्ष्यांबद्दल हीच कल्पना मांडली, ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६० साली छापली गेली. एखादं भक्ष्य पुरेसं वेळा भेटलं की पक्ष्याच्या डोक्यात त्याची शोधप्रतिमा तयार होते. त्यांचे भाऊ, नोबेलविजेते निको टिनबर्गन यांनी कुरव (सीगल) पक्ष्यांवर प्रयोग केले. पिल्लू बाहेर आल्यावर कुरव फुटकं कवच उचलून दूर नेऊन टाकतो, कारण कवचाची आतली पांढरी बाजू कावळ्यांना घरट्याचा पत्ता देते. आपल्या खेळात एखाद्या लपवलेल्या अंड्याशेजारी फुटक्या कवचाचा तुकडा ठेवून पाहा, हुशार पोरं दोन फेऱ्यांत खूण ओळखतात.

हिरव्या पाल्यात लाल अंडी लपवली आणि एखाद्या मुलाला ती सापडतच नसली तर त्याला आळशी ठरवू नका. लाल-हिरवा फरक न कळण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून तो मुलांमध्ये मुलींपेक्षा बराच जास्त आढळतो, आणि अनेकदा घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. निळी-पिवळी अंडी ठेवली की तोच मुलगा सगळ्यांच्या पुढे असतो.

खरी अंडी लपवली असतील तर किती आणि कुठे ते कागदावर लिहून ठेवा. अंड्याच्या पांढऱ्यात गंधक असलेली प्रथिनं असतात, ती कुजली की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि माणसाचं नाक हा वायू हवेच्या अब्ज भागांत काही भाग इतका कमी असला तरी पकडतं. कडुनिंबाच्या आळ्यात विसरलेलं अंडं अशा उन्हात एक-दोन दिवसांत स्वतःच सापडतं, फक्त तोवर शोधायला कोणी उत्सुक उरलेलं नसतं.