तारखेची वही आणि नावाचा शोध: अमेरिकेतील काउंटी तुरुंगांच्या अटकनोंदींची पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्या माणसाला रात्री अटक झाली, तर बहुतेक काउंट्यांमध्ये त्याचे नाव, वय, त्याच्यावरचा आरोप आणि जामिनाची रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शेरीफच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, आणि अनेक ठिकाणी सोबत छायाचित्रही असते. आरोप सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी हे सारे जगजाहीर होते, याचे आपल्याकडच्या वाचकाला आश्चर्य वाटते. मात्र हा खुलेपणा इंटरनेटमुळे आलेला नाही. कोणालाही गुपचूप डांबून ठेवता येऊ नये, या जुन्या आग्रहातून तो आलेला आहे. इंटरनेटने बदलली ती नोंदींची मांडणी. पूर्वी तारखेच्या क्रमाने लिहिलेली वही आता नावाने शोधता येते, आणि गेल्या पन्नास वर्षांतले या विषयावरचे बहुतेक वाद या एका बदलापाशी येऊन थांबतात.

आधी काउंटी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत काउंटी किंवा तिच्या तोडीचे घटक तीन हजार शंभरांहून अधिक आहेत, आणि बहुतेक ठिकाणी तिथला तुरुंग शेरीफ चालवतो. हे पद इंग्लंडमधून आले. दुसऱ्या हेन्रीच्या काळात, 1166 साली, प्रत्येक काउंटीत तुरुंग असावा असा हुकूम निघाला होता आणि ते सांभाळण्याचे काम शेरीफकडे होते. मुंबईचे नगरपाल हे पद त्याच परंपरेतले आहे, परंतु ते आता केवळ मानाचे उरले आहे. अमेरिकेत मात्र बहुतेक राज्यांत शेरीफ थेट मतदानाने निवडला जातो आणि तुरुंगाच्या किल्ल्या खरोखरच त्याच्या हाती असतात. काउंटीच्या तुरुंगात मुख्यतः खटल्याची वाट पाहणारे, म्हणजे आपण ज्यांना कच्चे कैदी म्हणतो ते, आणि साधारण वर्षभराच्या आतली शिक्षा भोगणारे लोक असतात. लांब मुदतीची शिक्षा झालेले राज्याच्या किंवा संघराज्याच्या कारागृहात जातात. कनेटिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हरमाँट, हवाई आणि अलास्का या राज्यांत तुरुंगव्यवस्था मुख्यतः राज्याच्याच हाती असल्यामुळे तिथे काउंटीचा तुरुंग शोधण्यात सहसा अर्थ नसतो.

अटक करून आणलेल्या माणसाची तुरुंगाच्या दारात जी नोंद होते तिला बुकिंग म्हणतात. ती नोंद जवळून पाहिली, तर तिची रचना बरेच काही सांगते. बुकिंग क्रमांक, तारीख आणि वेळ, अटक करणारी यंत्रणा, कायद्याच्या कलमासह आरोप, प्रत्येक आरोपापुढे जामिनाची रक्कम, न्यायालयातली पुढची तारीख आणि शेवटी सुटकेचा रकाना, जो माणूस आत असेपर्यंत कोरा राहतो. कधी जामिनाच्या जागी फक्त ‘होल्ड’ असे लिहिलेले असते, म्हणजे दुसऱ्या काउंटीने, राज्याने किंवा संघराज्याच्या यंत्रणेने त्या माणसावर हक्क सांगितलेला असतो आणि पैसे भरूनही तो बाहेर पडेलच असे नाही. गुन्हा शाबित झाला की नाही, यासाठी मात्र या नोंदीत रकानाच नसतो.

ओळख पटवण्याची साधने या नोंदीला पुढे जोडली गेली. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो काढण्याची शिस्त पॅरिसच्या पोलीस खात्यात आल्फोन्स बर्तिलाँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत घालून दिली आणि ती लवकरच अमेरिकेत पोहोचली. बोटांच्या ठशांचे मूळ तर आपल्या जवळचे आहे. बंगालमधला इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल 1858 पासून करारनाम्यांवर हाताचे ठसे घेऊ लागला. 1897 साली कोलकात्यात ठशांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, आणि ज्या वर्गीकरणाला एडवर्ड हेन्री याचे नाव मिळाले, त्यामागचे बरेचसे काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचे होते. 1901 साली ही पद्धत लंडनच्या पोलिसांनी स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत न्यूयॉर्कच्या तुरुंगांनी व सेंट लुईसच्या पोलिसांनीही. आज अमेरिकेतल्या कोणत्याही बुकिंग कक्षात ठसे घेतले जातात, तेव्हा कोलकात्यातल्या त्या दोघांच्या कामाचा वारसा पुढे चालत असतो. त्यांची नावे अधिक लोकांना ठाऊक असायला हवीत.

आता खुलेपणाकडे येऊ. पोलीस ठाण्यात रोजच्या अटकांची एक वही असे आणि वार्ताहर रोज सकाळी ती चाळून छोट्या गावातल्या वर्तमानपत्रात चार ओळी छापत. वॉशिंग्टन शहरात ही वही जनतेला खुली असणे कायद्यानेच बंधनकारक होते. 1969 साली मॉरो खटल्यात तिथल्या संघीय अपील न्यायालयाने या तरतुदीचा हेतू स्पष्ट केला: गुप्त अटका होऊ नयेत, कारण ती कल्पनाच लोकशाही समाजाला किळसवाणी आहे. त्याच निकालात न्यायालयाने दुसरी बाजूही मांडली. केवळ अटकेची नोंद आहे म्हणून लोकांना नोकऱ्या नाकारल्या जातात, आणि पोलिसांनी ती माहिती मालकांना पुरवावी का, हा प्रश्न त्या खटल्याच्या मुळाशीच होता. वही उघडी ठेवणे ही एक गोष्ट आणि माणसाचा पूर्वेतिहास काढून हातात देणे ही दुसरी, हा फरक तिथे उमटलेला दिसतो.

याच सुमारास राज्याराज्यांत माहितीच्या अधिकाराचे कायदे पक्के होत होते. संघराज्याचा कायदा 1966 चा असला तरी तो काउंटीच्या शेरीफला लागू होत नाही; तिथे राज्याचा कायदा चालतो. कॅलिफोर्नियाच्या 1968 च्या कायद्याची आजची तरतूद सांगते, की अटक झालेल्याचे नाव, व्यवसाय, शारीरिक वर्णन, अटकेची वेळ आणि जागा, आरोप, जामिनाची रक्कम आणि त्याला कुठे ठेवले आहे, हे सांगितलेच पाहिजे. टेक्ससमध्ये 1975 च्या एका निकालाने पोलीस अहवालाच्या पहिल्या पानावरची मूलभूत माहिती खुली ठरवली. फ्लोरिडात सरकारी कागदपत्रे पाहू देण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या आरंभीची, आणि ती इतकी उदार की पुढे याच राज्यातून मोठ्या संख्येने बुकिंगची छायाचित्रे बाहेर पडू लागली.

या साऱ्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद मात्र एक रूक्ष प्रशासकीय नियमावली आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यात संघराज्याच्या न्याय खात्याने गुन्हेगारी पूर्वेतिहासाच्या नोंदींवर बंधने घातली, त्यातून पोलिसांच्या मूळ रोजनोंदी वगळल्या, आणि वगळताना अट घातली ती कालक्रमाची. जी वही तारखेप्रमाणे लावलेली आहे आणि कायद्याने वा जुन्या रिवाजाने खुली आहे, तिला ही बंधने नाहीत. तारखेच्या वहीतून ‘काल रात्री कोणाला पकडले’ हे कळते. ‘या माणसाला आजवर किती वेळा पकडले’ हे कळायला वर्षानुवर्षांची पाने उलटावी लागतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे सत्तेवरचा पहारा, दुसऱ्याचे उत्तर म्हणजे माणसावरचा पहारा. 1989 साली सर्वोच्च न्यायालयानेही विखुरलेल्या कागदांमुळे माणसाला मिळणाऱ्या आडोशाला किंमत आहे असे मान्य केले, आणि एकत्र केलेला गुन्हेगारी तपशील संघीय कायद्याखाली पत्रकारांना देण्यास नकार दिला.

त्यानंतर दहा वर्षांतच संगणकाने हा आडोसा काढून घेतला. आरंभ एका दुःखद घटनेतून झाला. केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात 1993 च्या डिसेंबरमध्ये एका तरुणीचा तिच्या पूर्वीच्या प्रियकराने खून केला. तिच्यावरच्या अत्याचारासाठी तो तुरुंगात होता आणि जामिनावर सुटल्याचे तिला कोणी कळवलेच नव्हते. 1994 साली त्याच काउंटीत व्हाइन नावाची व्यवस्था सुरू झाली, ज्यात कैदी आत आहे की बाहेर हे पीडिताला फोनवर समजू लागले आणि सुटका होताच सूचना जाऊ लागली. ही सेवा आज बहुतेक राज्यांत पसरली आहे. नावाने शोधण्याची सोय किती गरजेची असू शकते, हे या उदाहरणावरून नाकारता येत नाही.

पुढे शेरीफांची स्वतःची संकेतस्थळे आली आणि काहींनी त्यांचा तमाशा केला. अ‍ॅरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचे शेरीफ जो अर्पायो यांनी 2000 साली कच्च्या कैद्यांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांचे चित्रण इंटरनेटवर थेट दाखवले. 2004 साली अपील न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. त्याहून वाईट धंदा खासगी संकेतस्थळांनी मांडला. शेरीफच्या यादीतून फोटो आपोआप उतरवून घ्यायचे, नावासह प्रसिद्ध करायचे आणि काढून टाकण्यासाठी त्याच माणसाकडून शेकडो डॉलर मागायचे, असा तो व्यवहार होता. आरोप मागे घेतले गेले तरी फोटो राहायचा, कारण नक्कल करणाऱ्याला मूळ नोंदीत पुढे काय झाले याच्याशी काही देणेघेणे नव्हते. 2013 साली जॉर्जिया आणि युटा यांनी याविरुद्ध कायदे केले. त्याच वर्षी गूगलने अशी पाने शोधनिकालांत खाली ढकलली आणि काही पेमेंट कंपन्यांनी त्यांचे व्यवहार बंद केले. 2018 साली कॅलिफोर्नियाने अशाच एका संकेतस्थळाच्या कथित मालकांवर खंडणीचे आरोप ठेवले.

तेव्हापासून प्रवाह हळूहळू उलटा वाहू लागला आहे. ज्या अपील न्यायालयाने 1996 साली संघीय कैद्यांचे फोटो पत्रकारांना देण्यास सांगितले होते, त्यानेच 2016 साली आपला निर्णय फिरवला. न्यूयॉर्कने 2019 साली बुकिंगचे फोटो व तपशील देण्यावर मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने 2021 च्या कायद्याने, हिंसक नसलेल्या गुन्ह्यांतील संशयितांचे फोटो पोलिसांनी समाजमाध्यमांवर टाकण्यास सामान्यतः मनाई केली. 2024 साली मॅरिकोपा काउंटी पुन्हा न्यायालयासमोर आली, आणि खटल्याआधी फोटो व माहिती संकेतस्थळावर टाकणे ही शिक्षाच ठरू शकते, असे सांगून अपील न्यायालयाने वादीचा दावा पुढे चालू दिला.

भारतात हाच प्रश्न विरुद्ध दिशेने आला. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांची स्थिती मांडल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 1983 साली अटकेची खबर नातेवाइकांना आणि विधी साहाय्य समितीला देण्याचे निर्देश दिले. 1996 च्या डी. के. बसू निकालाने ते अधिक व्यापक केले, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पुढच्या दुरुस्तीने जिल्हा नियंत्रण कक्षाबाहेरच्या फलकावर अटक झालेल्यांची नावे लावणे बंधनकारक झाले. हा फलक तारखेच्या वहीचाच भाऊबंद आहे.

अमेरिकेत शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मुलाचा पत्ता पुण्या-नाशिकहून शोधणाऱ्या घरच्यांना ही पार्श्वभूमी थेट उपयोगी पडते. शहराच्या पोलिसांनी पकडले असल्यास पहिले काही तास माणूस शहराच्या कोठडीत असू शकतो आणि तोवर काउंटीच्या यादीत त्याचे नाव येत नाही. वॉरंटशिवाय अटक झाली असेल, तर अटकेला पुरेसा आधार आहे का याचा निर्णय न्यायाधीशाने सामान्यतः 48 तासांत दिला पाहिजे, असे 1991 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ठरवले आहे, त्यामुळे ही यादी झपाट्याने बदलते. शोध आडनावाने होतो, आणि पासपोर्टवर वडिलांचे नाव मधे असलेल्या मराठी माणसाची नोंद भलत्याच क्रमाने झालेली असू शकते. म्हणून स्पेलिंगचे आणि क्रमाचे सर्व पर्याय तपासावेत. नाव सापडले नाही, तर शेजारची काउंटी पाहावी आणि तुरुंगात फोन करावा. स्थलांतर खात्याच्या ताब्यातील लोकांसाठी 2010 पासून वेगळी शोधव्यवस्था आहे. भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी अटकेतल्या माणसाला स्वतः करता येते. खटल्याचे पुढे काय झाले, हे मात्र तुरुंगाच्या यादीत नव्हे, तर काउंटी न्यायालयाच्या लिपिकाकडील नोंदींत मिळते, आणि नोकरी, व्हिसा किंवा जामिनाबाबत काहीही ठरवताना तीच नोंद पाहावी लागते.