टेलिव्हिजन : अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन

टेलिव्हिजनचं नाव आधी ठरलं, यंत्र मागाहून आलं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने आंतरराष्ट्रीय विद्युत परिषद भरली होती. तिथे ऑगस्टमध्ये कॉन्स्टँटिन पेर्स्की या रशियन गृहस्थांनी फ्रेंचमध्ये निबंध वाचला, त्याच्या शीर्षकात हा शब्द होता. जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकाने लंडनमध्ये अशा यंत्रावर हलती चित्रं दाखवली ती थेट जानेवारी १९२६मध्ये.

'टेली' म्हणजे दूर, हे ग्रीक. 'व्हिजन' आलं लॅटिनच्या 'विदेरे' म्हणजे पाहणे या धातूपासून. (संस्कृतातला 'विद्' त्याचाच भाऊबंद, म्हणजे आपली 'विद्या'ही या गोतावळ्यातली.) ही सरमिसळ भाषाशुद्धीवाल्यांना खटकली. 'मँचेस्टर गार्डियन'चे संपादक सी. पी. स्कॉट यांच्या नावावर एक शेरा सांगितला जातो : शब्द अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन, यातून काही बरं निघणार नाही.

निव्वळ ग्रीक पर्याय नव्हते असं नाही. पॉल निपकोव्ह या जर्मन संशोधकाने १८८४च्या पेटंटात चित्रं दूर पाठवण्याच्या आपल्या यंत्राला 'विद्युत टेलिस्कोप' म्हटलं होतं. 'टेलेक्ट्रोस्कोप' हा शब्दही एकोणिसाव्या शतकातच रुळू पाहत होता. त्यांचं व्याकरण चोख, पण टिकले नाहीत. मला यात पेर्स्कींचा गलथानपणा दिसत नाही. १६११ साली रोममध्ये गॅलिलिओच्या दुर्बिणीला 'टेलिस्कोप' हे नाव मिळालं, तेव्हा 'टेली' खरोखरच ग्रीक पंडितांचा होता. पुढे टेलिग्राफ आला, टेलिफोन आला आणि १९००पर्यंत 'टेली' पॅरिसमधल्या कुणाही टपालवाल्याला कळत होता. 'व्हिजन' तर फ्रेंचमधला रोजचाच शब्द. दोन्ही तुकडे हाताशी होते, ते जोडले गेले.

इतरांनी आपापली सोय पाहिली. जर्मनांनी देशी 'फर्नझेहेन' घडवला. खुद्द ग्रीकांनी लॅटिन शेपूट कापून 'तिलेओरासी' केलं. आपल्याकडचा 'दूरदर्शन' दोन्ही अंगांनी संस्कृत, पण तो सरकारी वाहिनीला चिकटला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हापासून घरात दूरदर्शन बघतात, पण बंद करतात तो टीव्हीच.