लेकरू कुणाकडं ठेवायचं? पाळणाघराची ताई, पालक आणि आमची संस्था यांच्याविषयी

हे पत्रक दोघींसाठी आहे. वावरात जाताना लेकराचं काय करायचं, या काळजीत असलेल्या मायसाठी. आणि आपल्याच घरी चार लेकरं सांभाळायला तयार असलेल्या, पण सुरुवात कुठून करावी हे न कळलेल्या बाईसाठी.

आमची संस्था स्वतः एकही पाळणाघर चालवत नाही. ते गावातली ताई चालवते, तिच्या घरात. आम्ही तिला शिकवतो, सामान देतो, महिन्याला भेट देतो आणि ती आजारी पडली किंवा तिच्या घरी लग्नकार्य निघालं तर बदली ताई पाठवतो. पालक जी फी देतात ती सगळी ताईची. हे आधीच लिहितो, कारण प्रत्येक पालकसभेत पहिला प्रश्न हाच निघतो.

अंगणवाडी असताना हे कशाला?

दुसरा प्रश्न हा, आणि तो सरपंचांपासून आजीपर्यंत सगळेच विचारतात. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीनं वजन, लसीकरण, पूरक आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण एवढा भार उचलला आहे. पण तीन वर्षांच्या आतल्या लेकराचा आहार घरी न्यायला मिळतो, ते लेकरू तिथं दिवसभर राहत नाही. मोठी मुलंही काही तासांत घरी येतात. वेचणीला गेलेली माय मात्र दिवस कलल्यावर, कापसाचं वजन झाल्यावरच परतते. सोयाबीनची सोंगणी ठेक्यानं घेतली असेल तर ती उजाडायच्या आत निघालेली असते.

मग लेकराजवळ कोण? आजी असली तर आजी, पण वेचणीत पैसे किलोवर मिळतात, त्यामुळं आजीही सोबत जाते. राहते तिसरी-चौथीतली बहीण. दिवाळीनंतर शाळेच्या हजेरीपटात कोणत्या मुली गैरहजर आहेत ते पाहा, गावातल्या धाकट्या भावंडांची यादीच हाती येईल. याला घरातल्या घरात झालेली सोय म्हणायला आम्ही तयार नाही.

काही जणी लेकरू वावरात नेतात, धुऱ्यावरच्या झाडाला झोळी बांधतात. निंदणाच्या आणि फवारणीच्या दिवसांची वेळ बरेचदा एकच असते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोठ्या माणसांची ती गत, तर झोळीतल्या लेकराची काय होईल? औषधाचा रिकामा डबा धुऊन पाण्याला वापरायची सवयही अजून गेलेली नाही.

कायद्यात पाळणाघर आहे, नाही असं नाही. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करावी, असं २०१७ पासून बंधन आहे. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरीवर नेमायची तरतूद होती. खासगी वावरात राबणाऱ्या बाईच्या वाट्याला यातलं काही येत नाही. केंद्राच्या मिशन शक्तीतली ‘पाळणा’ योजना मात्र सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तुमच्या गावात त्या योजनेचं केंद्र असेल तर आधी तिथंच नाव घाला, अर्ज आम्ही भरून देऊ. आमच्या ताईकडं दोन लेकरं कमी आली तरी चालेल.

ताई व्हायचं असेल तर

शिक्षणाची अट नाही, मात्र हजेरी आणि हिशेब लिहिता आला पाहिजे. मुख्य पाहायचं ते घर. आमची कार्यकर्ती येते आणि चक्क जमिनीवर बसून, रांगत घर बघते. उभ्या माणसाला जे दिसत नाही ते तिथून दिसतं: खाटेखाली पडलेली तुरीची डाळ, भिंतीला हाताच्या उंचीवर उघडा पडलेला वायर, दारामागं उभा केलेला विळा. पाण्याच्या टाक्याला घट्ट झाकण हवं, चुलीला आडोसा हवा. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, ढीग अंगणात असेल तर तो मुलं खेळतात त्या जागेपासून दूर हलवावा लागेल, त्यात विंचू असतात. फवारणीचा पंप आणि औषध घरात नको म्हणजे नको. माळ्यावर नको, न्हाणीत नको. घरधनी ऐकत नसतील तर त्या घरी पाळणाघर होणार नाही, यात सूट नाही.

त्यानंतर आठवडाभराचं प्रशिक्षण. घशात दाणा अडकला तर पाठीवर कसं थोपटायचं, जुलाबात ओआरएस कसं बनवायचं आणि झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस का द्यायच्या, हे हातानं करून शिकवतो. कुपोषण ओळखायची दंडाची पट्टी लावायलाही शिकवतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे पट्टीच्या लाल भागात आला, की ताई त्याच दिवशी आशा आणि अंगणवाडी सेविकेला कळवते. पुढचा उपचार त्यांच्याकडं, आमच्याकडं नाही.

खेळण्यांवर खर्च करू नका. डबे, झाकणं, लाकडी चमचे, चिंध्यांचा चेंडू पुरतो. चिंचोके आणि शेंगदाणे लहानग्यांच्या हाती देऊ नयेत. मोबाइल लावून लेकराला गप्प बसवायचं नाही. कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, ताईंना आमचं एक खास सांगणं असतं: लेकरांशी कोलामीतच बोला, गाणी तीच म्हणा. मराठी पुढं येतेच.

तीन वर्षांखालची सहा मुलं, यापेक्षा जास्त एका ताईकडं ठेवायची नाहीत. सातवं आलं तर मदतनीस लागेल, तिचं प्रशिक्षणही आम्ही करू.

पैशाचं असं आहे. फी पालकसभा ठरवते आणि ती ताईच्या दाराजवळ लिहिलेली असते. मजुरीचा चुकारा दर आठवड्याला होतो, म्हणून फीही दर आठवड्याला घ्यावी, महिन्याची थकबाकी झाली की संबंध बिघडतात. काम नसलेल्या महिन्यांत लेकरं येत नाहीत आणि ताईची कमाई बसते. त्या महिन्यांत संस्था थोडं मानधन देते. ते देणग्यांवर अवलंबून असल्यानं रक्कम दर वर्षी एप्रिलमध्ये सांगतो, आधी शब्द देत नाही. वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा प्रत्येक ताईचा काढलेला असावा असा आग्रह आहे. अपघातात दोन लाखांपर्यंतचं संरक्षण त्यात मिळतं.

पालकांसाठी

सहा महिन्यांच्या आतलं बाळ आम्ही घ्यायला सांगत नाही. अंगावर पिणारं मोठं लेकरू असेल आणि वावर जवळ असेल तर दुपारी येऊन पाजून जा, सगळ्यांत बरं तेच. काढून ठेवलेलं दूध सावलीत, थंड जागी फार तर चार तास टिकतं, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढंही नाही.

डब्यात वरणाचं पाणी देऊ नका, वरण द्या. चमचा तिरपा केला तर लगेच ओघळू नये इतकं घट्ट, वरून तेलाची धार. मऊ भात, मुगाची खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर, काहीही चालेल. चहा-बिस्किटावर दिवस काढलेलं लेकरू संध्याकाळी किरकिर करतं, आणि बोल ताईला लागतो.

पहिले काही दिवस लेकरू रडेल. पहिल्या दिवशी तुम्ही तासभर सोबत बसा, दुसऱ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जा. काम सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हे करून घ्या, वेचणीच्या पहिल्याच दिवशी सोडून पळू नका. आणि न सांगता गुपचूप निघू नका, सांगून जा.

सर्दी असेल तर आणा. ताप, जुलाब, गोवर, कांजिण्या असतील तर नको. त्या दिवशी तुमची मजुरी बुडते हे आम्हाला कळतं, तरी बाकीच्या पाच घरांची मजुरी बुडू नये म्हणून हा नियम. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी.

लेकरू न्यायला कोण येणार त्यांची नावं वहीत लिहून द्या. वहीत नाव नसलेला सख्खा मामा आला तरी ताई लेकरू देणार नाही, तिच्यावर रागावू नका. ताईनं हात उचलला, उपाशी ठेवलं, लेकरांना एकटं सोडून गेली, असं काही कळलं तर आम्हाला सांगा, तुमचं नाव आम्ही तिला सांगत नाही. लेकराला धोका वाटत असेल तर आमची वाट न पाहता मुलांच्या मदतीचा नंबर १०९८ लावा. रुग्णवाहिका १०८.

कागदपत्रांतही मदत होते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर विलंब शुल्क लागत नाही. मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असेल आणि रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा असतो. अर्ज लिहून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, कुणी आमच्या नावानं मागितले तर देऊ नका.

नाव नोंदवायला बाजाराच्या दिवशी आमच्या कार्यालयात या. येताना लेकराचं लसीकरण कार्ड आणि जन्मदाखला आणा. दाखला नसेल तरी या, तो काढायचं काम तिथूनच सुरू करू.