कुरतडलेल्या पानांची बाजू

एप्रिल-मेमध्ये ठाणे-वाशीचे रस्ते लाल-पिवळे होतात ते गुलमोहर आणि सोनमोहोरामुळे. दोन्ही झाडं बाहेरची. गुलमोहर मादागास्करचा, सोनमोहोर आग्नेय आशियातला. जुन्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्षही अमेरिका खंडातला. ब्रिटिश काळात शोभेची आणि सावलीची झाडं म्हणून ती रुजली. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, खाडीकाठची भातशेती आणि मिठागरं जाऊन नवं शहर उभं राहू लागलं. उघड्या भरावावर लवकर हिरवळ हवी होती, तेव्हा भराभर वाढणारी झाडं सोयीची वाटली. सामाजिक वनीकरणाच्या काळात सुबाभूळ आणि गिरिपुष्पही आले. त्या गरजेला मी नावं ठेवणार नाही. सावली खरोखरच मिळाली.

उणीव राहिली ती पानांत. फुलपाखराला मध कुठल्याही फुलातला चालतो, परक्या घाणेरीतलासुद्धा. अळीचं तसं नाही. प्रत्येक जातीची अळी ठरावीक झाडांचीच पानं खाते, कारण त्या पानांतली रसायनं पचवायला तिची जात हजारो पिढ्यांत शिकलेली असते. म्हणून बाहेरच्या झाडांची पानं इथल्या बहुतेक अळ्यांच्या कामाची नसतात. प्लेन टायगर या फुलपाखराची अळी रुईच्या चिकातलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला टाळतात. बहाव्यावर कॉमन एमिग्रंट वाढतं, कदंबावर कमांडर. आणि ज्या अळ्यांत असं विष नसतं, त्यांच्यावर शिंपी, दयाळ हे पक्षी आपली पिल्लं पोसतात. म्हणजे पान कुरतडलं गेलं नाही तर घरट्यातही खाऊ नाही.

हे आधी अभ्यासकांना ठाऊक होतं; लोकांना ते डोळ्यांनी दिसलं ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडी या फुलपाखरू उद्यानात. तिथे शेतजमिनीवर अळ्यांची खाद्यझाडं मुद्दाम लावली, आणि येऊरच्या जंगलाशेजारी असल्याने फुलपाखरं आपणहून आली. २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन राज्य फुलपाखरू झालं, असं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. त्याची अळी माकडलिंबू आणि लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढते.

सोसायटीच्या बागांत मात्र अजूनही कुरतडलेलं पान दिसलं की फवारणीवाल्याला फोन जातो. माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर पावसाळ्यात पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके दिसतात. ती कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी. पुढे ती हिरवी होते आणि आठवड्याभरात अर्धी कुंडी उघडी पाडते. फोडणीसाठी पानं तेवढे दिवस बाजारातून आणते.