डेडलाइन: जमिनीवरची रेषा घड्याळात कशी आली

‘उद्या डेडलाइन आहे’ हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की त्यातल्या ‘डेड’कडे लक्षच जात नाही. गेलं तरी वाटतं, बोलण्यात जोर यावा म्हणून कुणीतरी जोडलं असेल. आपण नाही का ‘मरेस्तोवर काम’ म्हणत. पण हा शब्द तयार झाला तेव्हा त्यात जराही अतिशयोक्ती नव्हती. डेडलाइन ही जमिनीवरची खरीखुरी रेषा होती आणि ती ओलांडणाऱ्याला गोळी घालत असत.

काळ अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा, म्हणजे 1861 ते 1865 चा. सुरुवातीला दोन्ही बाजू एकमेकांचे युद्धकैदी अदलाबदल करून सोडत असत. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांनी पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना इतरांप्रमाणे युद्धकैदी मानायला नकार दिला आणि 1863 मध्ये ही व्यवस्था मोडली. कैद्यांचे तळ भरून वाहू लागले. जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनव्हिल इथे फेब्रुवारी 1864 मध्ये असाच एक नवा तळ सुरू झाला. दहा हजार माणसांसाठी आखलेल्या त्या जागेत ऑगस्टपर्यंत बत्तीस हजारांहून जास्त कैदी कोंडले गेले. मधल्या काळात आवार थोडं वाढवलं होतं, पण ते कसं पुरणार? वर छप्पर नाही. पाण्यासाठी मधून वाहणारा एक ओढा, आणि त्याच ओढ्यात सगळ्या तळाची घाण. तिथे आणलेल्या सुमारे 45,000 कैद्यांपैकी जवळजवळ 13,000 मेले, बहुतेक जण स्कर्व्ही, हगवण आणि उपासमारीने.

तळाभोवती पाइनच्या ओंडक्यांचा 15 ते 17 फूट उंच कोट होता. कोटावर ठरावीक अंतराने पहारेकऱ्यांची मचाणं. कैद्यांनी कोटापर्यंत येऊन वर चढू नये किंवा खालून भुयार खणू नये म्हणून आतल्या बाजूला, कोटापासून सुमारे 19 फुटांवर, खुंट रोवून त्यांवर लाकडाची पट्टी ठोकली होती. डेड-लाइन म्हणत ती हीच. उंची कंबरेच्या आसपास. थकलेला माणूसही पाय टाकून सहज पलीकडे जाईल, एवढीच. अडवणारी होती ती मचाणावरची बंदूक.

ऑगस्ट 1864 मध्ये दक्षिणेच्याच सैन्यातला तपासणी अधिकारी डी. टी. चँडलर याने तळाचा अहवाल दिला. त्यात या कठड्याची नोंद ‘डेड-लाइन’ अशीच आहे. त्याने तिथल्या परिस्थितीवर कडक ताशेरे ओढले होते. अशा रेषा उत्तरेच्या तुरुंगांमध्येही होत्या; अँडरसनव्हिलची तेवढी जगाच्या लक्षात राहिली.

राहिली त्याचं मोठं कारण म्हणजे पुढचा खटला. युद्ध संपल्यावर तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावर वॉशिंग्टनमध्ये लष्करी आयोगापुढे खटला चालला आणि 10 नोव्हेंबर 1865 रोजी त्याला फाशी दिली गेली. आरोपपत्रात डेड-लाइनचं वर्णन होतं. त्यातला एक तपशील मला विसरता येत नाही. ही रेषा पुष्कळ ठिकाणी निव्वळ काल्पनिक होती, आणि जिथे प्रत्यक्षात होती तिथेही डळमळत्या खुंटांवर ठोकलेल्या, सरकणाऱ्या फळ्यांची, असं त्यात म्हटलं होतं. म्हणजे आपण रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे कैद्याला नक्की कळायची सोय नव्हती. ओढ्याचं जरा स्वच्छ पाणी मिळावं म्हणून रेषेपलीकडे हात घालणाऱ्यांवरही गोळ्या झाडल्या गेल्या. खटल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून देशभर गेल्या आणि त्यांच्याबरोबर शब्दही. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. कोट आणि डेड-लाइन कुठून जात होती ते पांढऱ्या खांबांच्या दोन रांगांनी दाखवलेलं आहे.

त्यानंतरची काही दशकं या शब्दाने रेषा सोडली नाही, फक्त त्यातलं मरण सैल झालं. ओलांडू नये ती हद्द, आपल्या लक्ष्मणरेषेसारखी, एवढाच अर्थ उरला. 1880 मध्ये न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी थॉमस बर्न्स याने फुल्टन स्ट्रीट ही डेडलाइन ठरवली. पोलिसांच्या यादीतला चोर तिच्या दक्षिणेला, म्हणजे वॉल स्ट्रीटच्या पेढ्यांच्या बाजूला, दिसला की पकडायचा. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत रेल्वेचे रूळ हीच डेडलाइन होती. त्यांच्या उत्तरेला पिस्तूल बाळगायला बंदी.

मग ही रेषा घड्याळात कशी शिरली? इथे छापखान्यात डोकवावं लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छपाईयंत्राच्या पाटावर आखलेल्या एका खुणेलाही डेडलाइन म्हणत. खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, त्या खुणेच्या बाहेर गेले की तेवढा मजकूर कागदावर नीट उमटत नसे. त्याच सुमारास अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत वेळेच्या अर्थाने हा शब्द रुळला: या वाजेपर्यंत बातमी आली तर आजच्या अंकात, नाहीतर नाही. 1920 मध्ये वर्तमानपत्राच्या जगावरचा ‘डेडलाइन ॲट इलेव्हन’ नावाचा मूकपट आला, म्हणजे तोवर हा अर्थ सामान्य प्रेक्षकालाही कळण्याइतका पसरला होता. माझं मत विचाराल तर, तुरुंगातल्या शब्दाची धास्ती आणि छापखान्यातल्या रेषेचा काटेकोरपणा, दोन्ही त्यात मिसळले असावेत. बातमीदाराला दोन्ही जवळचे होते. तिथून हा शब्द कचेऱ्यांत, कारखान्यांत, परीक्षांच्या वेळापत्रकांत गेला. वाटेत मधली आडवी रेघही गळून पडली आणि दोन शब्दांचा एक झाला.

या प्रवासात अर्थाची दिशा उलटली, आणि मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते यानेच. कैद्यापुढची रेषा जागच्या जागी असे; चालून जाणारा माणूस. त्यामुळे दूर राहिलं की जीव वाचे. आपण मात्र जागच्या जागी बसलेले असतो आणि रेषा आपल्याकडे सरकत येते. तिच्यापासून लांब राहायचा पर्यायच नाही. ज्या रेषेजवळ कुणी फिरकू नये म्हणून हा शब्द जन्मला, तीच आता गाठायची असते, आणि न गाठणारा दोषी ठरतो.

मराठीने हा शब्द घेतला तेव्हा क्रियापदं आपलीच लावली. डेडलाइन पाळतात, गाठतात, ती हुकते, टळते, पुढे ढकलली जाते. ‘पुढे ढकलणं’ तर कैद्याला स्वप्नातही शक्य नव्हतं. याच कामासाठी आपल्याकडे अरबी-फारसीतून आलेला ‘मुदत’ हा शब्द आधीपासून आहे, पण तो रेषेचं नाव नाही. मुदत म्हणजे दिलेला अवधी. ती मागता येते, मिळते, वाढवून घेता येते आणि शेवटी भरते. डेडलाइन त्या अवधीची नुसती कड दाखवते, तर मुदत म्हटलं की आजपासून त्या कडेपर्यंतचे हातातले सगळे दिवस मोजले जातात.