गाडी सोपी, बटण अवघड

गोव्यात फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात काय किंवा वेर्ण्यात काय, शेवटचं वर्ष आलं की प्रकल्पाच्या विषयाची शोधाशोध सुरू होते आणि कुंडीला आपोआप पाणी घालणारं यंत्र पुन्हा एकदा जन्माला येतं. त्याऐवजी विद्यार्थ्यांनी म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या खेळण्यांच्या दुकानात एक चक्कर मारावी. तिथे लहान मुलं स्वतः बसून चालवतात ती बॅटरीची गाडी मिळते. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडानं हालचालींवर ताबा न राहिल्यामुळे, रांगू किंवा चालू न शकणाऱ्या मुलासाठी तीच गाडी बदलून घेता येते.

ही कल्पना अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातली. भौतिकोपचाराचे प्राध्यापक कोल गॅलोवे आणि यंत्र अभियंते सुनील अग्रवाल यांनी आधी तान्ह्या मुलांना बसता येईल असे रोबो बनवले. ते महाग आणि अवजड होते. मग गॅलोवे दुकानातल्या गाड्यांकडे वळले. त्यांना जोडायचं ते साधंच: पीव्हीसी पाइपची चौकट, पोहायला शिकताना धरतात तो फोमचा बोर्ड, वेल्क्रोचे पट्टे. ‘गो बेबी गो’ हे त्या उपक्रमाचं नाव.

मूल मोठं झाल्यावर व्हीलचेअर देऊच की, मग एवढी घाई कशाला? १९६३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. एक पिल्लू स्वतः चालायचं, तर त्याला जोडलेल्या पाळण्यातलं दुसरं नुसतं फिरवलं जायचं. दोघांच्या डोळ्यांना सारखंच दिसत होतं, तरी पाळण्यातल्या पिल्लाला समोर किती खोल आहे याचा अंदाज येईना. (मोकळं सोडल्यावर तीही पिल्लं सावरली.) पुढे २०१३ मध्ये, अजून रांगू न लागलेल्या बाळांना मोटरची छोटी गाडी चालवायला दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गाडी चालवलेल्या बाळांची खाली खोल जागा दिसणाऱ्या काचेवर नेताच छाती जोरात धडधडू लागली. उंचीची भीती स्वतः हलल्यावर येते. कडेवर घेऊन गावभर फिरवलं तरी त्या हालचालीची भरपाई होत नाही.

गाडीतलं पेडल म्हणजे नुसता एक स्वीच. त्याच्या दोन तारांना समांतर मोठं बटण जोडलं की गाडी हातानं चालते. हे तासाभराचं काम. पण खरं अभियांत्रिकीचं काम यानंतरचं आहे. हे मूल नेमकी कोणती हालचाल भरवशानं करू शकतं? तळहात, कोपर की गाल? ताठरलेल्या स्नायूंच्या मुलाला बटण दाबणं जमतं, सोडणं जमत नाही. त्याच्यासाठी एका दाबाला दोन सेकंद धावून आपोआप थांबणारी गाडी हवी. एखाद्याचा हात थरथरतो आणि एकाच दाबाचे पाच होतात. तिथे प्रोग्रामनं मधले ठोके गाळावे लागतात. उभं राहण्याचा सराव हवा असेल तर स्वीच आसनाखाली उलटा जोडतात: मूल बसलं की गाडी थांबते, उठलं की पळते. हे मला सगळ्यात हुशार वाटतं, कारण यात व्यायाम करवून घ्यायला कुणी मागे लागत नाही.

सुरुवातीचा धक्काही टाळायला हवा. मोटरला एकदम पूर्ण १२ व्होल्ट मिळाले की गाडी हिसका देते, मूल दचकतं, हातपाय ताठ होतात आणि बटण हातून निसटतं. म्हणून वीज तुकड्या-तुकड्यांनी देऊन वेग हळूहळू वाढवायचा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवायचा आणि आईच्या हाताशी वेगळा बंद-स्वीच द्यायचा.

इथली हवा आणि घरं परदेशी आराखड्यात नसतात. खाऱ्या दमट हवेत उघड्या तांब्यावर हिरवट थर चढतो. जोड झाकलेले हवेत. प्लास्टिकची गुळगुळीत चाकं पावसात ओल्या चिऱ्यांवर घसरतात आणि जुन्या घराच्या उंबरठ्याशी अडतात. चाकांना रबराची पट्टी लावा, उंबरठ्याला लाकडी उतार द्या.

हे सगळं भौतिकोपचार करणाऱ्या ताई आणि मुलाची आई यांच्यासोबत बसून ठरवायचं, सर्किट काढण्याआधी. आणि बटण गाडीला कायमचं डकवू नका. अशा बटणांना जुन्या इअरफोनसारखी ३.५ मिलिमीटरची पिन असते. ती ठेवली तर मूल गाडीत मावेनासं झाल्यावर गाडी दुसऱ्याला देता येते आणि सवयीचं बटण योग्य जोडणीनं संगणकाला लावता येतं.