‘लीन’ कोड आला म्हणजे ऑक्सिजन सेन्सर गेला?

जुनी गाडी आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मधूनच थरथरते, स्कॅनर ‘लीन’ दाखवतो आणि सल्ला ठरलेला: ऑक्सिजन सेन्सर बदला. बहुतेकदा बिचारा सेन्सर खरं तेच सांगत असतो: मिश्रण ‘लीन’ आहे, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. निरोप्यालाच शिक्षा कशाला?

आधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे गाडीचा संगणक इंधन किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ट्रिम आयडलला +२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ असेल, तर मॅनिफोल्डमध्ये (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) सेन्सरने न मोजलेली चोरटी हवा शिरतेय. आयडलला इंजिन मुळातच थोडी हवा ओढतं, म्हणून तीच गळती तिथे मोठी ठरते. उलट, आरपीएमबरोबर ट्रिम चढला तर इंधनाचा दाब किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर तपासा.

दोष ये-जा का करतो? कडक झालेले होज, गॅस्केट थंड असताना फट सोडतात, तापल्यावर ती बऱ्याचदा मिटते. म्हणून स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) थंड इंजिनवरच करा.